धोंड्याची गाडी

सत्यवतीबाई जवळ आल्या की मला आधी शिंक येते, मग त्या दिसतात. चौदा वर्षं मिरची कांडणाऱ्या बाईच्या साडीत, केसांत, बोटांच्या पेरांत तिखट मुरलेलं असतं. लकडगंजच्या मागे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोपाळरावांचं मसाला कांडप आहे. दुकान भाड्याचं, मशीन गोपाळरावांचं आणि राबणं सगळं सत्यवतीबाईंचं. इतर ठिकाणी बायका आपल्या मिरचीवर डोळा ठेवून बाकावर बसून राहतात, न जाणो शेजारणीची हलकी मिरची त्यात मिसळली तर! इथे डबा ठेवून खुशाल भाजी आणायला निघून जातात. मीही जाते, आणि मी किती संशयी आहे ते माझ्या नवऱ्याला विचारा.

या हिवाळ्यात गोपाळरावांनी जाहीर केलं की आता ते पुण्याला मुलाकडे जाणार. मोबाइल दुरुस्तीवाला एकजण रोख पैसे द्यायला तयार होता. त्याला फक्त जागा हवी होती, मशीन भंगारात जाणार होतं. पण गोपाळरावांनी आधी सत्यवतीबाईंना विचारलं.

“तीन लाख. अर्धे होळीच्या आधी दे, अर्धे तीन उन्हाळ्यांत फेड. एवढी सवलत मी बायकोलेही देल्ली नाही.”

सत्यवतीबाईंचे यजमान शालिकराम सहा वर्षांपूर्वी गेले. भिशीत टाकून टाकून बाईंनी एक लाख जमवले होते. कमी पडत होते पन्नास हजार. कांडप गेलं तर पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार? चार घरची भांडी, दुसरं काय.

आमचे हे, श्रीधर, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी बँक आपल्याच खिशात आहे असं त्यांना वाटतं. “पन्नास हजार? बसल्या बसल्या मिळतील,” म्हणाले आणि सत्यवतीबाईंना घेऊन ऐटीत निघाले. तासाभरात तोंड पाडून परत आले. बाईंच्या नावावर दीड-दोन वर्षांपासून थकलेलं कर्ज निघालं होतं. सिबिल खराब. साहेबाने यांना चहासुद्धा विचारला नाही, याचंच यांना जास्त लागलं असावं.

“कसलं हो कर्ज?” मी सत्यवतीबाईंना विचारलं. पदराशी चाळा करत त्यांनी सगळं सांगितलं.

तीन वर्षांमागे अधिकमास आला होता, म्हणजे आपला धोंड्याचा महिना. लेक भूमिका कामठीत दिलेली, लग्नाला वर्षच झालं होतं. पहिला धोंडा, जावयाला अनारसे आणि कापड देऊन भागलं असतं. पण भूमिकेच्या जावेच्या माहेरून सोन्याची अंगठी आली होती. म्हणून सत्यवतीबाईंनी एका फायनान्स कंपनीकडून स्वतःच्या नावावर पर्सनल लोन काढून जावयाला मोटारसायकल घेऊन दिली! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. हप्ते जावई, जितेंद्रच, भरणार असं ठरलं होतं आणि त्याने चार भरलेही. मग तो ज्यावर कापड विणायचा तो माग बंद पडला. तेव्हा या माउलीने त्याला सांगितलं, “तुमी चिंता नका करू, मी भरून राहिली.” थोडे भरले, मग जमेना. पुढे तर सगळं फिटलं म्हणून सांगून टाकलं.

“अहो, पण खरं सांगायचं ना त्यांना!”

“जावयाले पैसे मागू? जीभ झडन माही, वहिनी.”

मला असा संताप आला! जावयापुढे अब्रू राखायला गेली आणि बाजारातली पत घालवून बसली. जावई म्हणजे दहावा ग्रह असं आमची आई म्हणायची, पण निदान तो ग्रह आपल्या हाताने तरी पत्रिकेत बसवू नये. त्याच संध्याकाळी मी भूमिकेला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“काकू, आई तर म्हणे फिटलं,” एवढंच ती बिचारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीबाई दारात उभ्या. “माह्या घरचं तुमी काहून सांगितलं? आता कोणत्या तोंडानं जाऊ मी कामठीले?” उत्तराची वाटही न पाहता गेल्या. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. माझा धण्याचा डबा त्यांनी दुसऱ्या बाईच्या हाती पाठवला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण माफी मी मागितली नाही, कारण चुकले असं मला आजही वाटत नाही.

होळी जवळ आली. मोबाइलवाला टेप घेऊन दुकानाची लांबीरुंदी मोजून गेला. तो भिंतीला टेप लावत होता तेव्हा सत्यवतीबाई त्याच्याच बाजूला बसून मुकाट्याने तिखट चाळत होत्या. मला ते बघवेना.

त्याच रविवारी मी हळद घेऊन कांडपावर गेले होते. चौकात कामठीची शेअर ऑटो थांबली आणि त्यातून जितेंद्र उतरला. एरवी हा सासुरवाडीला यायचा तो गाडीवरून, डोळ्याला चष्मा लावून. आज पायी चालत आला आणि काउंटरवर रुमालाची पुरचुंडी ठेवली.

“गाडी विकली, आई. पंचेचाळीस आहेत.”

सत्यवतीबाईंनी मशीन बंद केलं. “उचला ते, जावईबापू. धोंड्याचं देल्लेलं कोणी परत घेत नसते.”

“परत नाही देऊन राहिलो. हप्ते माहेच होते.”

“मी हात नाही लावणार.”

तो उचलेना, त्या घेईनात. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका खोकायच्याही थांबल्या. तेवढ्यात खुर्चीतून गोपाळराव म्हणाले, “मंग मले द्या ना बाप्पा! मले कुठं जावई आहे?”

सगळ्या हसल्या. गोपाळरावांनी पुरचुंडी सोडून नोटा मोजल्या. “पाच कमी आहेत,” म्हणाले. मी तोंड उघडणार, तर त्यांनी हात वर केला. “राहू द्या. दरसाल आमच्या घरची मिरची कांडून पुण्याले पाठव, झालं.” आणि तिथूनच त्यांनी मोबाइलवाल्याला फोन लावून नाही म्हणून सांगितलं.

सत्यवतीबाई बाकावर बसल्या आणि रडल्या. चौदा वर्षांच्या तिखटाने ज्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं, त्यांचं पाणी पदर लावूनही थांबेना. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला, तेव्हा आमचं भांडण मिटलं असं मी समजले.

“निघतो आई,” जितेंद्र म्हणाला.

“उद्या कामावर कायनं जाता?”

“पार्सल वाटाचं काम होतं. गाडीसंगं तेही गेलं. पाहू काहीतरी.”

सत्यवतीबाईंच्या घरी जावई पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नसे. त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“जितेंद्र,” त्या म्हणाल्या. नुसतं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं. “उद्यापासून इथं येत जा. पाचशे रोज देईन.”

त्याने मान हलवली.

“आन त्यातले दोनशे कापीन. फायनान्सवाल्याचे.”

“कापा,” तो म्हणाला, आणि माझा हळदीचा डबा उचलून मशीनजवळ घेऊन गेला.