निष्ठेचा दाखला

दर शुक्रवारी सकाळी तातय आपल्या हाताखालच्या तीन फिलिपिनो पोरांना बराकीमागच्या वाळूत पूर्वेकडे, त्यांच्या देशाच्या दिशेला तोंड करून उभं करायचे आणि त्यांच्याकडून राष्ट्रगीत म्हणवून घ्यायचे. सुट्टीचा दिवस, पोरं डोळे चोळत उभी राहायची. कुणी कुरकुरलं की बराकीत सगळेच बोलायचे त्या हिंदीत म्हणायचे, "पहले गाना, बाद में चाय! यल्ला!" तातय म्हणजे त्यांच्या भाषेत बाबा. नाव बेनितो, पण मी रत्नागिरीचा टायपिस्टही त्यांना तातयच म्हणायचो. साठच्या दशकातलं दुबई ते. आमची कंपनी खाडीचं काम करत होती आणि तातय तिथे नकाशे काढायचे.

एकदा त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला मी हौसेनं झेंडा बांधला. लाल पट्टा वर, निळा खाली. तातय बाहेर आले आणि झेंड्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"कादिर, उतारो. लाल ऊपर मतलब मुल्क में लडाई चालू है."

तसा झेंडा त्यांनी शेवटचा पाहिला होता जपान्यांशी लढताना, थोरला भाऊ गेला त्या आठवड्यात. मी शरमेनं मेल्याहून मेलो. पोरं मात्र तोंड फिरवून हसत होती. माझी चूक तातयनी मनावर घेतली नाही, त्यांना लागलं ते हे हसणं. "मेरे बाद इनको कौन बताएगा?" एवढंच म्हणाले.

त्या तिघांत नेस्तोर हा त्यांचा सख्खा भाचा. दोन वर्षं कमवून त्यानं गावच्या शाळेत मास्तर व्हावं, हे तातयचं एकच स्वप्न. पोराच्या डोक्यात मात्र अमेरिकन नौदल भरलेलं. तिथे फिलिपिनोंना मिळायची ती अधिकाऱ्यांच्या मेसमधली वाढप्याची नोकरी आणि पुढे अमेरिकेचं नागरिकत्व. तातय त्यांच्या भाषेत समजवायचे, हा इंग्रजीत उत्तर द्यायचा.

शेवटी अर्जाचा फॉर्म आला. त्यात पालकाचा दाखला हवा होता: उमेदवार अमेरिकेच्या झेंड्याशी एकनिष्ठ राहील याची खात्री आहे काय?

मी मशीनवर कागद चढवून बसलो. नेस्तोर दारात उभा होता, खाली मान घालून. तातयनी प्रश्न दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"टाइप करो, कादिर. ये लडका जिस झंडे के नीचे खडा होगा, उसको धोखा नहीं देगा. मैंने खुद सिखाया है."

त्यांनी सही केली. नेस्तोर गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी उरलेली दोघं उठलीच नाहीत, आणि तातयनी त्यांना हाकही मारली नाही.

वर्षभरात ते कंपनीच्या दवाखान्यात वारले. त्यांना तिथल्याच वाळूत पुरलं. नेस्तोरला मी तार केली, उत्तर आलं नाही.

तो दाखला मी एकही चूक न करता टाइप केला होता. मशीन बिघडलंय, एवढं म्हणायला काय झालं होतं मला?