अनंताच्या उलट्या फांद्या

आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा आईने काहीच अडवून धरलं नाही. तिचं शिवणयंत्र गेलं, पितळी डबे गेले, देवघराचा लाकडी चौरंगसुद्धा गेला. ती खुर्चीत बसून नुसती बघत होती. शेवटी मला म्हणाली, "कंपाउंडातल्या अनंताच्या फांद्या लावून घे. बाकी तुमचं चालू दे."

तो अनंत तिने लावलेला. आता काचबिंदूमुळे तिला फूल धड दिसत नाही, पण अनंत उमलला की तिला वरच्या मजल्यावर वासावरूनच कळायचं. बिल्डिंग पाडायला घेतली की झाडही जाणार, हे तिला ठाऊक होतं. आणि ते वाचवायचं काम आलं माझ्याकडे. पन्नाशीपर्यंत मी लावलं म्हणजे दाराला कुलूप, फोनला चार्जर आणि दुसऱ्यांना कामाला.

सामान हलवून अंगाचा भुगा झाला होता. तरी बारा फांद्या कापून तीन गल्ल्यांपलीकडच्या भाड्याच्या घरी आणल्या. मग व्हिडिओ बघितले. एक म्हणतो हळद लावा, दुसरा दालचिनी, तिसरा मध, चौथा कोरफडीचा गर. कोणाला दुखवायचं नाही म्हणून मी चारही गोष्टी लावल्या. बायको म्हणाली, "लोणचं घालतोयस का रे?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यांना तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाडली आणि स्वतःच्या अंगठ्यालाही चटका घेतला.

फांदीला खालून तिरका काप द्यायचा आणि वरून सरळ, म्हणजे खालचं टोक ओळखता येतं, असं सगळेच व्हिडिओ सांगत होते. मी दोन्हीकडून तिरका दिला. छान दिसत होता. पानं पाणी पितात म्हणून सगळी पानंही ओरबाडून काढली. एवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला, कपाट लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून. ते निस्तरून परत आलो तर वर्तमानपत्रावर बारा सारख्याच काड्या पडलेल्या. अंदाजाने खोचल्या आणि आडवा झालो.

पुढचे वीस दिवस रोज सकाळी आई विचारायची, काही दिसतंय का. दिसत काहीच नव्हतं. म्हणून मी एखादी काडी हळूच उपटून मूळ फुटलंय का बघायचो आणि परत खोचायचो. तिला सांगायचो, वेळ लागतो. ऑफिसातून आल्यावर अजून न उघडलेल्या खोक्यांमध्ये मोजे शोधायचे आणि मग त्या काड्यांना पाणी घालायचं. मला त्या काड्यांचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर सगळ्याचाच आला होता.

एके दिवशी आईने एक डबा मांडीवर मागून घेतला. काडी वाळून काटकी झाली होती. तिने ती काढली आणि अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपली. पान जिथे असतं त्या पेरावर बारीक उंचवटा असतो, कोंब तिथूनच फुटतो. त्याला डोळा म्हणतात.

"डोळा जमिनीकडे बघतोय रे," ती म्हणाली. "उलटी लावलीस."

मग तिने सगळे डबे मागवले. बारापैकी नऊ उलट्या निघाल्या. जिला समोरचा माणूस ओळखू येत नाही, ती अंगठ्याने मोजत होती आणि मी डोळस माणूस डबे पुढे करत होतो. उरलेल्या तीन सुलट्या होत्या. त्या का मेल्या असतील, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मी डबे गोळा करायला लागलो.

त्याच संध्याकाळी जुन्या बिल्डिंगवर गेलो. सभोवती पत्रे लागले होते. वॉचमनने सांगितलं, झाड कालच पाडलं. आत जाऊन बघितलं तर अनंत विटांच्या ढिगाशेजारी आडवा पडलेला, पण शेंड्यांची पानं अजून हिरवी होती. मी तिथेच फतकल मारून बसलो. मग उठलो आणि पाच शेंडे कापले. या वेळी पानं राहू दिली, म्हणजे वरची बाजू कुठली हे मलासुद्धा कळेल.

लावले आईने. मी फक्त डबा धरला. हळद नाही, मध नाही, माती आणि पाणी, बास. वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तिने बजावलं, हात लावायचा नाही. तीन फांद्या काळ्या पडल्या. दोन हिरव्या राहिल्या, महिना झाला, दीड झाला. पण कापलेली फांदी नुसत्या ओलीवरही बरेच दिवस हिरवी दिसते, हे मला एव्हाना कळलं होतं. आई काही विचारत नव्हती, आणि तिचं ते न विचारणंच मला सोसेना.

एका रविवारी ती अंघोळीला गेली असताना मी एक फांदी जरा ओढून बघितली. जराच. ती अडली. म्हणून आणखी जरा ओढली. कट्‌कन आवाज झाला आणि फांदी हातात आली. बुडाशी पांढऱ्या मुळांचे तुटके दोरे लोंबत होते.

ती बाहेर आली तेव्हा मी तसाच उभा होतो. बायकोने माझं तोंड बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी आईला काय झालं ते सांगितलं. तिने हात पुढे केला. मी फांदी दिली. तिने बुडाकडून अंगठा फिरवला. दोरे बोटाला लागले तसा तो तिथेच थांबला.

"किती दिवस झाले?"

"पन्नास असतील."

"मग त्या दुसरीलाही फुटली असणार," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला. "गाढवा, तुझ्यामुळे कळलं तरी."

दुसरा डबा तिने माझ्याकडून काढून घेतला. तिच्या खाटेपलीकडे, भिंतीला लागून, खिडकीच्या ग्रिलवर ठेवला. तिथे पोचायचं तर तिला ओलांडून जावं लागतं.