कौशाचं ‘न्हाई’

कुठेही वाजवायला जायचं असलं की कौशा ड्रमच्या सामानाबरोबर तेलाचा एक पोचे पडलेला डबा ऑटोत घालायचीच. राणीसावरगावच्या शिवारात लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकायला तिने तो बडवलेला. ड्रम तिला कोणी शिकवले नाहीत. परभणीच्या होस्टेलवर आम्ही चौघींनी मोबाइलवर परदेशी बायकांचा पंक बँड पाहिला, तेव्हा ती म्हणाली, “ह्यांना बी गाता येत न्हाई की गं. वरडायल्यात नुसत्या. मग आपुन का न्हाई?”

असा आमचा बँड निघाला. सहा वर्षं चालला, म्हणजे आम्ही ओढला. जिंतूरकडच्या एका मंडळाने आम्हाला बँजो पार्टी समजून बोलावलं. नाचाची गाणी येत नाहीत म्हटल्यावर माइकच बंद केला. कौशाने डबा पुढे ओढला आणि माइकशिवाय कार्यक्रम पुरा केला. आम्ही रडकुंडीला आलो की ती म्हणायची, “ताल चुकला तर चुकू दे. हात थांबवू नको.” परतताना ऑटोत ड्रम मांडीवर घेऊन आम्ही बसायचो. 

आमचं एकच गाणं लोकांच्या लक्षात राहिलं. ते कौशाचं. आमच्याकडे वडील गेले की बहिणी कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करतात, जमीन भावाच्या नावे होते, बहिणीला साडी मिळते. कौशाने त्या कागदातली भाषाच गाण्यात घेतली. मी म्हणायची, “राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...” आणि प्रत्येक ओळीनंतर ती ड्रम बडवून ओरडायची, “न्हाई!” समोरच्या बायका आधी हसायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या.

माझे वडील गेले त्या वर्षी दादाने मला कचेरीत नेलं. वहिनीने मोरपंखी साडी आणली होती. कारकून एका सुरात वाचत होता, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. प्रत्येक ओळीनंतर माझ्या कानात ‘न्हाई’ची जागा रिकामी जात होती. मी सही केली. नाही म्हटलं तर दिवाळीला कुठे जायचं, एवढाच विचार डोक्यात होता. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली.

कौशाला सांगायला मला चार महिने लागले. ती चिडली नाही. चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, मग म्हणाली, “सही केलीस ते असू दे. माहेर कोनाला नको असतंय? पन आता ते गाणं तू म्हनू नको.” दुसरं कोणी म्हणेना, कारण बाकी दोघींनीही तोवर सह्या केल्या होत्या. बँड तिथेच संपला.

पुढे तिचे वडील वारले. तिने सही केली नाही. तहसीलला खेटे घालून दीड एकर नावावर करून घेतलं आणि तिथेच पत्र्याची खोली टाकली. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. बांधापलीकडे त्याचंच रान, रोज दिसतो, मान फिरवून जातो.

यंदा ज्वारी हुरड्यात असताना मी तिच्याकडे गेले. रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसून ती डबा वाजवत होती. केस पिकलेत, हाताला घट्टे पडलेत. “लय थकले गं,” म्हणाली. मग काठी माझ्या हातात दिली. “हाक पाखरं.”

मी डबा बडवला. न राहवून तोंडातून निघालं, “राजीखुशीने...”

“ते न्हाई,” ती म्हणाली. “नुसती वरड.”

मी ओरडले. पाखरांचा थवा उठला आणि बांधापलीकडे भावाच्या ज्वारीत जाऊन बसला. तिकडे राखणीला कोणी नव्हतं. कौशाने तिकडे पाहिलं. मग माझ्या हातातली काठी घेतली, भावाच्या रानाकडे तोंड करून उभी राहिली आणि डबा बडवू लागली.