दोन बोटं खाली

मुलुंडच्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ते महिनाभर आखडलेला खांदा घेऊन येत होते. पोलिसांतले फार वरचे साहेब. कोठडीतल्या मृत्यूंवरून मानवी हक्क आयोगापुढे त्यांची चौकशी चालली होती. पेपरात फोटो यायचा. इथे मात्र बूट काढून भिंतीशी नीट लावायचे, झाडूवालीला ताई म्हणायचे. कितीही दाबलं तरी हूं की चूं नाही.

एकदा मी दुखरी जागा चाचपत होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, दोन बोटं खाली. तिथे दाबलं की कुणीही बोलतो."



पुढे ते यायचे थांबले. पण आजही कुणाचा खांदा हातात आला की माझा अंगठा आपोआप दोन बोटं खाली जातो. पेशंट कळवळतो. लाज वाटते मला. पण जागा अगदी बरोबर असते.