न मोजलेला पाऊस

नृसिंह देवचके गुरुजींनी हिरडेवाडीचा पाऊस तेवीस वर्षं मोजला, एक दिवससुद्धा खाडा न करता, असं सगळे समजत होते. तसं नव्हतं हे दोघांनाच माहीत होतं. एक स्वतः गुरुजी आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी अंबिकाबाई.

हिरडेवाडी अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्याही वरच्या अंगाला. भाताची खाचरं, चाळीस-पन्नास घरं आणि दोन शिक्षकांची शाळा. गुरुजींच्या घराण्यात आजोबांची भिक्षुकी, वडील कचेरीत कारकून. अक्षर पिढीजात वळणदार. हे अक्षर बघूनच पुण्याहून आलेल्या हवामानाच्या माणसांनी त्यांच्याकडे पर्जन्यमापक सोपवला. शाळेच्या आवारात झाडं फार, म्हणून तो ओढ्यापलीकडच्या उघड्या माळावर बसवला. रोज सकाळी साडेआठला तिथं जायचं, आत साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. महिनाअखेर वहीची नक्कल पोस्टानं पाठवायची. पहिली सात-आठ वर्षं त्यांनी हे काम पूजेसारखं केलं. चौथीच्या पोरांना दशांश अपूर्णांक ते पावसावरच शिकवायचे.

मग एका आषाढात ओढा कमरेच्या वर आला. गुरुजी काठावर थोडा वेळ उभे राहिले आणि घरी परतले. वहीवर छापलेली सूचना स्पष्ट होती: मोजमाप झालं नाही तर रकान्यात आडवी रेघ मारा. पण सरळ ओळीत भरलेल्या आकड्यांमध्ये ती रेघ त्यांना बघवेना. त्यांनी ८४.६ मिलिमीटर लिहिलं. नुसतं ८५ लिहिलं असतं तर अंदाज वाटला असता. त्या दशांश चिन्हानंतरच्या सहानं आकडा खरा झाला.

अंबिकाबाईंनी तेवढंच विचारलं, "आज लवकर आलात?"

"पाणी लवकर ओसरलं," गुरुजी म्हणाले.

पुढं ते सोपं होत गेलं. ओढा भरला की अंदाजे आकडा. गुडघे दुखायला लागले तेव्हा ओढा न भरताही अंदाजे आकडा. आणि यातली गोम अशी, की ज्या दिवशी पाऊस सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवशी ओढा ओलांडता येत नसे. म्हणजे साधा पाऊस त्यांनी मोजला आणि मोठा पाऊस मनानं लिहिला. मनानं लिहिताना माणूस भीत-भीत लिहितो. आकडे कमीच पडत गेले.

निवृत्तीनंतर गुरुजी नगरजवळ केडगावला राहायला आले. वह्या पुण्याला गेल्या. विषय संपला असं त्यांनी धरलं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात डॉ. स्नेहल नावाच्या संशोधक बाईंचा फोन आला. पस्तिशीच्या असतील, राहुरीला राहायच्या. त्या फार आनंदात होत्या. दहा-बारा मोठ्या देशांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. डोंगरातल्या शेतकऱ्याला अतिवृष्टीचा इशारा आदल्या दिवशी मिळावा, त्याची शेती, गुरं, माणसं वाचावीत. एका देशाचा उपग्रह, दुसऱ्याचं गणित, तिसऱ्याचा पैसा. आपल्या देशानं गावं आणि जुन्या नोंदी द्यायच्या. इथं जे जमेल ते पुढं नेपाळात, केनियात, पेरूत न्यायचं.

"गुरुजी, व्यापारात एकमेकांशी भांडणारे देश आहेत हे," स्नेहलताई म्हणाल्या. "पण पावसाचा आकडा एकमेकांना देतात, आणि घेणारा तो खरा धरून चालतो. तेवीस वर्षांत एकही रकाना रिकामा नाही, अशी नोंद या पट्ट्यात फक्त तुमची आहे. पाहुण्यांना तुम्हाला भेटायचंय."

तेव्हाच सांगता आलं असतं. गुरुजी म्हणाले, "येतो की."

कार्यक्रम हिरडेवाडीच्या शाळेतच झाला. शाल, श्रीफळ, फोटो. जपानहून आलेले एक वयस्कर गृहस्थ पुढं झाले आणि गुरुजींसमोर कमरेत वाकले. मग त्यांनी काही विचारलं. स्नेहलताईंनी मराठीत सांगितलं, "एवढ्या पावसात ओढा कसा ओलांडायचात, असं विचारतायत."

"सवय होती," गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी रतनबाई जवळ आली. ओढ्याकाठी तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, खाचरं तीच बघायची.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा."

"ज्या साली माजं खालचं खाचर वाहून गेलं, त्या दिशी तुमी छत्री घिऊन वड्यावर उभं हुता. मीच वरडून म्हनले, पानी लई हाय, फिरा माघारी. तुमी फिरला. मंग माळावर कवा गेल्ता?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "दुपारी गेलो असेन. पाणी उतरल्यावर."

"दुपारी तर आमी समदी तितंच हुतो, गुरं हुडकत." रतनबाईनं थोडा विचार केला. मग तीच म्हणाली, "आसंल. माजंच ध्यान न्हाई ऱ्हायलं."

गुरुजींनी तिला तसंच समजू दिलं. जाताना ती त्यांच्या पाया पडली, तेही त्यांनी होऊ दिलं.

परतीच्या जीपमध्ये त्यांना खाचर वाहून गेलं तो दिवसच आठवत होता. त्या दिवसाचा आकडा त्यांना पाठ होता, ६१.८. रात्री ते झोपले होते, सकाळी पाऊस मंदावला होता, त्यावरून लिहिलेला. पंधरा दिवसांनी तलाठी शाळेत आले होते. मंडळातला पर्जन्यमापक तेव्हा बंद होता, म्हणून त्यांनी गुरुजींच्या वहीतला आकडा उतरवून घेतला. दिवसाला पासष्टच्या वर गेला तरच अतिवृष्टी धरायची, असा नियम. हिरडेवाडी भरपाईच्या यादीत बसली नाही. नुकसान झालेल्या सात घरांना काही मिळालं नाही. रतनबाईनं ते खाचर पुन्हा बांधायला चार उन्हाळे माती वाहिली. गुरुजी शाळेच्या खिडकीतून ते बघत होते.

आठवड्यानं स्नेहलताईंचा पुन्हा फोन आला.

"गुरुजी, एक शंका होती. श्रावणातल्या एका दिवशी तुमच्याकडे एकसष्ट आहे आणि उपग्रह दोनशेच्या वर दाखवतोय. असं आणखी बऱ्याच दिवशी आहे. मला वाटतं डोंगरामुळे उपग्रह चुकतोय. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय की तुमच्या आकड्यांप्रमाणे त्याचं गणित खाली आणायचं. इशारा कधी द्यायचा तेही त्यावरूनच ठरेल. तुम्हाला तो दिवस आठवतो का?"

गुरुजी म्हणाले, "मी तुम्हाला उद्या फोन करतो." फोन ठेवून ते देवघरासमोर बसले, पण देवाकडे बघितलं नाही. अंबिकाबाई आल्या. गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमची चप्पल कोरडी असायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कमीपणा वाटला असता." मग म्हणाल्या, "तेव्हा वाटला असता तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फोन करून वह्यांच्या नकला तेवढ्या मागवून घेतल्या, कारण सांगितलं नाही. नकला आल्यावर दोघं लाल पेन्सिल घेऊन बसले. अंबिकाबाईंची आठवण चांगली. या दिवशी लेकीला, मनवाला ताप होता, तुम्ही घरीच होतात. या दिवशी पोळा, तुम्ही अकोल्याला गेला होतात. पाच दिवसांत एकशे सत्तेचाळीस रकान्यांना लाल खूण झाली. बाकी कित्येकांचं काहीच सांगता येईना. खरे कुठले आणि मनचे कुठले, अक्षरावरून ओळखू येत नव्हते. सगळे सारखेच सुंदर होते.

गुरुजी ती पिशवी घेऊन बसनं राहुरीला गेले. स्नेहलताईंनी पानं उलटली. मग गठ्ठा बाजूला ठेवला.

"गुरुजी, रिकामी जागा सोडली असती तरी चाललं असतं. रिकाम्या जागेचं काय करायचं ते आम्हाला येतं. भरलेल्या जागेचं काय करणार?"

"माझं चुकलं, ताई."

"मला आता बारा देशांना पत्र लिहावं लागेल. त्यांच्यासमोर मी तुमचं किती कौतुक केलं होतं." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी गुरुजींना पाणी विचारलं नाही. दारापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. इशारा उशिरा वाजला असता."

पत्रं गेली. हिरडेवाडीची सगळी नोंद त्या कामातून काढून टाकली, खरी तीही. उपग्रहाचं गणित होतं तसं ठेवलं. पहिल्या वर्षी ज्या गावांत यंत्र आणि भोंगा बसायचा होता त्यांतून हिरडेवाडी गळाली, तिच्या जागी पलीकडच्या खोऱ्यातलं एक गाव आलं. हिरडेवाडीला दोन वर्षं थांबावं लागणार होतं.

आता रतनबाईकडे जाणं राहिलं. अंबिकाबाई बरोबर येते म्हणाल्या, गुरुजींनी नको म्हटलं. उन्हाळा लागला होता, ओढा कोरडा पडला होता. रतनबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवून घोंगडी अंथरली. गुरुजी बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं. त्या दिवशी माळावर गेलोच नव्हतो, आकडा मनानं लिहिला, त्या आकड्यामुळं गाव भरपाईच्या यादीत आलं नाही. नंतर कळलं होतं, तरी गप्प बसलो. कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो.

रतनबाई ऐकत राहिली. मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"म्हंजी माजं ध्यान बराबर हुतं."

"हो."

"मला वाटलं, मी म्हातारी झाले."

तिनं नाचणी दोनदा वर उडवली.

"माती वाहताना माज्या सुनंचं पोट गेलं हुतं, गुरुजी. पाचवा म्हैना हुता. तुमाला म्हाईत न्हाई ते. आमी कुनाला बोललो न्हाई."

गुरुजी खाली मातीत बसले. रतनबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही आणि उठा म्हणून म्हणालीही नाही. गुरुजी म्हणाले, "गावात सांगायचं तर सांगा. माझी हरकत नाही."

"मी कशापाई सांगू? सात घरं हुती ती. तुमीच सांगा."

एक मे रोजी ग्रामसभा होती. गुरुजी केडगावहून पहाटेच्या गाडीनं निघाले आणि दहाला शाळेत पोचले. सरपंच गोरक्षनाथ त्यांचाच विद्यार्थी, त्यानं उठून खुर्ची दिली. गुरुजी खुर्चीत बसले नाहीत. परवानगी मागून त्यांनी उभ्यानं सगळं सांगितलं. सात घरांची नावं घेतली. यंत्र दोन वर्षं लांबलं तेही आपल्यामुळं, हे सांगितलं. वाक्यं त्यांनी घरी बसवून आणली होती, तरी तिसऱ्या घराच्या नावाला ते अडखळले. रतनबाई बायकांच्या ओळीत बसली होती, शेजारी सून. सून जमिनीकडं बघत होती.

मागं दोघं-तिघं पोरं मोबाईल बघत होती, तीही थांबली. एक म्हातारा उठून बाहेर जाऊन थुंकून आला, तंबाखू असेल.

गोरक्षनाथानं समोरच्या कागदावरून मान वर केली नाही. "गुरुजी, बसा तुमी," तो हळू म्हणाला. मग ग्रामसेवकाकडं वळून म्हणाला, "पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. गुरुजी भिंतीशी सतरंजीच्या कडेला बसले. अकोल्याची जीप सभा सुटल्यावरच निघणार होती. दीड तास ते तिथं होते. टाकी कुठं बांधायची यावर लोक हात वर करत होते, गुरुजींनी तेवढा वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.