दोन लग्नांचा शर्ट

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी अंगातल्या शर्टाची वंशावळ सांगणारा माणूस एकच सापडेल, आणि तो माझा धाकटा दीर आहे. भाऊजींचं इंदापुरात खतांचं दुकान आहे. त्यांनी आयुष्यात कधी शर्ट विकत घेतलेला नाही. लग्नात आहेर म्हणून आलेल्या शर्टपीसचं आपण सगळे काय करतो? ट्रंकेत ठेवतो आणि पुढच्या लग्नात पुढे सरकवतो. माझ्याकडचं एक चॉकलेटी कापड तर मोरगावला जाऊन दोन वर्षांनी माझ्याकडेच परत आलं. भाऊजींना हे पटत नाही. "वहिनी, कापड फिरवायला न्हाय, घालायला असतंय," असं म्हणून ते प्रत्येक तुकडा शिवायला टाकतात. खर्च काय तो शिलाईचा.

अडचण एकच. आहेराचं कापड बेताचं असतं आणि भाऊजी बेताचे नाहीत. एका तुकड्यात पोट झाकलं की बाह्यांना काही उरत नाही. म्हणून अंग एका लग्नाचं. बाह्या, कॉलर आणि खिसा दुसऱ्या लग्नाचा. आता कुणी म्हणेल, मग काय, जोडला तुकड्याला तुकडा. तसं नाही. टेलरच्या दारात उन्हात दोन कापडं धरून ते अर्धा अर्धा तास उभे राहतात. रेघांना रेघा चालत नाहीत, फिक्या अंगाला बाही गडदच लागते. असे नऊ शर्ट झालेत, आणि खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्याच्या एकसारख्या पांढऱ्या शर्टांपेक्षा ते बरे दिसतात. कोऱ्हाळ्याच्या एका लग्नात भावकीतल्या दोन अबोला धरलेल्या भावांनी एकाच शर्टावर आपापलं कापड ओळखलं. थोरले म्हणाले, "अंग आमचं हाय." धाकटे म्हणाले, "पण खिसा आमचा हाय!" चार वर्षांत त्यांच्यातलं ते पहिलं बोलणं.

भाऊजींच्या मुलीला मात्र हे आवडेनासं झालं. भिगवणच्या कार्यालयात तिचा साखरपुडा ठरला, तेव्हा तिने मला फोन केला. "काकू, ती माणसं पुण्यात राहिलेली. एकच दिवस पप्पांना साधा शर्ट घालायला सांगा ना." मी बारामतीतून पिस्ता रंगाचा तयार शर्ट आणला, मोठ्यात मोठा, आणि भाऊजींसमोर ठेवला.

"तिला लाज वाटती का, वहिनी?"

"वाटते थोडी."

"मग घालतो की."

साखरपुड्यात गुरुजींनी मुलीच्या वडिलांना हाक मारली. समोर सगळे पांढरे आणि पिस्ता शर्ट, रांगाच्या रांगा. व्याही शर्टपीस आणि टोपी घेऊन सरळ माझ्या नवऱ्याकडे निघाले. पाटावरची पोरगी मान उंचावून एकेक चेहरा बघत होती. मीच आणलेला शर्ट मलाही दिसेना. "मी हितं हाय," म्हणत भाऊजी पार मागच्या रांगेतून उठले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान. निघताना ती त्यांना म्हणाली, "लग्नात तुमचाच शर्ट घाला, पप्पा. हरवता तुम्ही."

लग्न पुढच्या आठवड्यात आहे. व्याह्यांनी दिलेलं कापड निळं आहे, आणि अर्थातच कमी पडणारं. परवा इंदापूरला गेले तर भाऊजी सगळे तुकडे पलंगावर पसरून बसले होते. टेलरचे चार फोन येऊन गेले होते. मी नेहमीसारखी घाईत.

"तो राखाडी लावा की. किती वेळ घालवायचा?"

त्यांनी राखाडी तुकडा निळ्याशेजारी धरला, बघितला आणि बाजूला ठेवला.

"त्यांच्या कापडाला आपल्या घरातलं कायतरी लावावं म्हणतो. पण हे समदं दुसऱ्यांनीच दिलेलं हाय, वहिनी."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि तुकड्यांच्या घड्या घालू लागले.