आखाजीची घागर

आमच्या गावामागची टेकडी नरडाण्याकडून येताना एसटीच्या खिडकीतून दिसते. बघणाऱ्याला वाटेल, यात काय चढायचं? मलाही निम्मी चढेपर्यंत तसंच वाटतं. नंतर गुडघे बोलायला लागतात.

टेकडीच्या माथ्यावर कातळात कोरलेलं एक टाकं आहे. त्याच्या कोपऱ्यात झिरा आहे, भर उन्हाळ्यातही तो पाझरतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. आमच्या घरात ती या टाक्याच्या पाण्यानंच भरायची आणि एकदा भरली की घरी देवाजवळ पोचेपर्यंत खाली टेकवायची नाही. हा नेम आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, पाय चालत होते तोवर पाळला. निदान आम्ही तसंच ऐकत आलो. घागर खांद्यावरून उतरवली की ते दारातूनच सांगायचे, "कोठेच टेकाडी नही!" आणि पुढे आठवडाभर भेटेल त्याला तेच ऐकवायचे.

या आखाजीला घागर आबांच्याच नावाची होती. ते गेल्यानंतरची पहिली. शेवटी शेवटी त्यांचं चढणं थांबलं होतं, त्यामुळे टाक्यातला गाळ कोणी काढला नव्हता. वर गुरं नेणाऱ्यांनी सांगितलं, पाणी नाही, नुसता चिखल आहे. मी मायला म्हटलं, आता जारचं पाणी चालतं, देवालाही चालत असेल. माय म्हणाली, "जारनं पानी आपुनले ठीक शे. त्यास्ले टेकडीनंच पाह्यजे." एवढं बोलून ती गहू निवडायला बसली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि खरं सांगायचं तर आबा गेल्यापासून तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

जळगावहून अक्का माहेरपणाला आली होती. माझी थोरली बहीण. आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं कुदळ, फावडं आणि दोन घमेली घेऊन निघालो. मी दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर नोकरी करतो. निवृत्ती जवळ आली आहे. थकव्याची मला सवय आहे, पण तो वेगळा थकवा. तिथं पट्टा कधी रिकामा होत नाही. आजचा कोळसा गेला की उद्याचा हजर. घरी येऊन आडवा झालो तरी आपण केलं काय, हे मला दाखवता येत नाही.

टाक्यातला गाळ वरून पापडासारखा तडकला होता. त्याखाली काळा, चिकट, कुजक्या पाल्याचा वास मारणारा चिखल. मी खाली उतरून घमेलं भरायचो, अक्का वर ओढून उताराच्या बाजूला रिता करायची. ऊन चढलं तसा माझा श्वास पुरेना. अक्का वरून ओरडली, "तू वर ये रे भाऊ, मी उतरस." मी चिडलो. साठीची बाई मला बस म्हणते! आणखी थोडं खणलं आणि मुकाट्यानं वर आलो. तिनं नऊवारीचा काचा मारला आणि खाली उतरली. आबांच्या हाताखाली गाळ काढायला लहानपणी तीच यायची, मी आंबे पाडत हिंडायचो.

तळहाताला फोड आले, फुटले. कंबर धरली. फक्त फावड्याचा आवाज. मग एकदाचा कुदळीखाली दगड वाजला. अक्कानं हातानं कोपरा खरवडला आणि तिथली माती ओली चमकायला लागली. "उनं रे, पानी उनं!" ती म्हणाली आणि चिखलातच बसली. थेंब थेंबच होतं, पण होतं. मी वर कडेला पाय सोडून बसलो. डोकं भणभणत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की रडू आलं. टाक्याचा तळ मला दिसत होता. तो आमच्या दोघांच्या हातांनी मोकळा झाला होता.

रात्रभर पाणी साचू दिलं. आखाजीच्या सकाळी पुन्हा चढलो. अंग असं ठणकत होतं की कुणी आदल्या दिवशी बडवून काढलं असावं. टाक्यात हातभर निवळ पाणी होतं. अक्कानं ते पदरातून गाळून लोट्यानं नवी लाल घागर भरली आणि माझ्या खांद्यावर दिली.

उतरताना आबांचा राग आला. असला नेम करावाच कशाला! निम्म्या वाटेवर, सलईच्या झाडाशी, माझा उजवा गुडघा मोडल्यासारखा झाला. घागर पडते की काय अशी वेळ आली. अक्का धावत पुढे झाली, जागा बघायला तिनं पायानं पाला बाजूला सारला आणि थबकली.

पाल्याखाली तीन दगड होते, चुलीसारखे मांडलेले, मातीत पक्के बसवलेले. मधली जागा घागरीच्या बुडाएवढी.

मी घागर ठेवली. ती जराही डुगडुगली नाही. आम्ही सावलीत बसलो. अक्का म्हणाली, "आबा बी दमेत रे." मला त्या माणसाची इतकी आठवण तो गेला त्या दिवशीही आली नव्हती.

घरी माय दारातच उभी होती. "खाले ठेवी नही ना?"

"नही व माय," मी म्हणालो.

तिनं घागर माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. ओल्या बुडाला चिकटलेली माती आणि सलईच्या पानाचा तुकडा पदरानं पुसून काढला.

"तुना बाप बी दरसाल असंच सांगे," ती म्हणाली आणि घागर देवाजवळ घेऊन गेली.